एका धावपट्टीवर दोन विमानं: टॉवरमधली चूक नेमकी कुठे होते?

टेहळणी (धागाकर्ता)

८ जून २०२४ ला मुंबईत धावपट्टी २७ वर जे झालं त्याची चित्रफीत बहुतेकांनी पाहिली असेल. एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान जमीन सोडण्याच्या बेतात, आणि त्याच धावपट्टीवर मागे इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकतंय. डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) चौकशी लावली आणि संबंधित कंट्रोलरला ड्युटीवरून बाजूला केलं. चर्चा मात्र "पायलटने गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) का नाही केलं" आणि "कंट्रोलर झोपला होता का" या दोन प्रश्नांपुढे गेलीच नाही.

हवेतल्या अंतराचे आकडे सगळीकडे मिळतात: रडारवर ५ सागरी मैल, विमानतळाजवळ ३, उभं अंतर १००० फूट. ते मोडलं तरी सावरायला रडारचा इशारा असतो, वर टीकॅस (विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा) असतं. धावपट्टीवर यातलं जवळजवळ काहीच हाताशी नसतं. म्हणून कंट्रोलरच्या चुकांची चर्चा टॉवरपासून सुरू करावी असं माझं मत आहे.

नियम साधा आहे. उतरणाऱ्या विमानाने थ्रेशोल्ड, म्हणजे धावपट्टीची सुरुवातीची पट्टेदार कड, ओलांडायच्या आत पुढचं उडणारं विमान दुसऱ्या टोकापलीकडे गेलेलं असावं किंवा त्याने वळण सुरू केलेलं असावं. पुढचं विमान उतरलेलं असेल तर त्याने धावपट्टी सोडलेली असावी.

आता मुंबईत हे सेकंदांत कसं बसतं ते पाहा. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. तीवरच एक उतरव, एक उडव, पुन्हा एक उतरव. उतरलेलं विमान 'अ', उडणारं 'ब', मागून येणारं 'क' धरू.

अ ने थ्रेशोल्ड ओलांडला तेव्हा घड्याळ शून्यावर. अ बाहेर पडतं साधारण ५५ व्या सेकंदाला. तोवर ब त्याच्यामागे लाइन-अप करून, म्हणजे धावपट्टीवर येऊन उड्डाणासाठी सरळ होऊन, उभं. परवानगी मिळून, इंजिनं वाढवून ब हलतं ६५ च्या आसपास. धाव ३५-४० सेकंदांची, म्हणजे चाकं उचलली १०० ते १०५ ला. धावपट्टी सुमारे ३४५० मीटर, तेव्हा दुसरं टोक ओलांडायला आणखी २० सेकंद. थोडक्यात, क ने १२५ व्या सेकंदाच्या आत थ्रेशोल्डवर येता कामा नये. १३५ नॉटला (ताशी १३५ सागरी मैल) एक सागरी मैल जायला २७ सेकंद लागतात. म्हणजे अ आणि क मध्ये किमान पावणेपाच मैल हवेत, आणि ते सगळं वेळेवर झालं तर.

हे आकडे ए३२०-७३७ जातीच्या विमानांचे ढोबळ आहेत. पण मोकळीक किती थोडी आहे ते कळतं. ब ने हलायला १५ सेकंद जास्त घेतले की गणित संपलं.

आणखी एक. शेवटच्या टप्प्यात विमानं हळू होतात, पण पुढचं आधी हळू होतं. "४ मैलांपर्यंत १६० नॉट राखा" ही नेहमीची सूचना. पुढचं विमान ४ मैलांवर असताना मागे ६ मैलांवर दुसरं असेल, तर पुढचं थ्रेशोल्डवर पोचेपर्यंत ते अंतर सव्वापाचवर येतं. अ‍ॅप्रोचने (येणारी विमानं रांगेत लावून टॉवरकडे देणारा कंट्रोलर) ५ दिलेले असतील तर टॉवरच्या हाती सव्वाचार उरतात.

मोजपट्टी

मांडणी उत्तम, फक्त शेवटच्या परिच्छेदात एक भर घालतो. मैल आकसतात, सेकंद आकसत नाहीत. दोन्ही विमानं एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने वेग कमी करत असतील तर त्यांच्यातला वेळ कायम राहतो. १६० नॉटला ६ मैल म्हणजे १३५ सेकंद, आणि थ्रेशोल्डवरही १३५ च. ५ मैल म्हणजे ११२. तुमच्याच हिशेबाने १२५ लागतात, म्हणजे ५ मैलांच्या फटीत ब बसतच नाही, हे अ अजून १० मैलांवर असतानाच कळायला हवं. पडद्यावरचे मैल बघून "अजून चार आहेत की" असं वाटणं हीच फसगत.

समोरचा वारा धरायचा विसरू नका. २० नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग तितका कमी, सेकंद वाढतात. पावसाळ्यात २७ वर पश्चिमेचा वारा भरपूर मदत करतो. वारा पडला की तेच ५ मैल अपुरे ठरतात, आणि सवय मात्र वाऱ्याच्या दिवसांची लागलेली असते.

शंकेखोर

पण दोन विमानं एका धावपट्टीवर असणं म्हणजे दर वेळी नियमभंगच असं नाही ना? परदेशात पुढचं विमान धावत असताना मागचं टेकलेलं पाहिल्याचं लोक सांगतात.

उत्तरवारा

बरोबर. कमी केलेलं धावपट्टी-अंतर म्हणून वेगळी तरतूद आहे. तीत मोठ्या विमानांसाठी, पुढचं उडणारं विमान हवेत असेल आणि थ्रेशोल्डपासून किमान २४०० मीटर पुढे गेलेलं असेल, तर मागचं उतरू शकतं. छोट्या विमानांना १५०० किंवा ६०० मीटर. पण अटी कडक आहेत: सूर्योदयानंतर अर्ध्या तासापासून सूर्यास्ताआधी अर्ध्या तासापर्यंतच, दृश्यता किमान ५ किमी, ढगांचा तळ १००० फुटांच्या खाली नको, शेपटीकडून वारा ५ नॉटपेक्षा जास्त नको, मागच्या पायलटला पुढच्या विमानाची माहिती दिलेली हवी, आणि धावपट्टी ओली वगैरे असल्यामुळे ब्रेक लागण्यावर परिणाम होत असेल तर नाही. शिवाय त्या देशाने, त्या विमानतळासाठी तपासून मंजूर केलेलं हवं.

वरच्या हिशेबात २४०० मीटरचा बिंदू ११० व्या सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे ही सवलत मिळाली तरी वाचतात फक्त १५ सेकंद. उडणारं विमान अजून जमिनीवर असेल तर ती लागूच होत नाही.

अमेरिकेतल्या चित्रफिती इथे प्रमाण धरू नका. तिथे "तुम्ही दुसरे, उतरायला परवानगी" असं पुढे विमान असतानाही सांगतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पुढे उतरणारं विमान थ्रेशोल्ड ओलांडून जाईपर्यंत मागच्याला लँडिंगची परवानगी देत नाहीत. पुढचं उडणारं असेल तर मात्र, मागचं थ्रेशोल्डवर येईपर्यंत अंतर नक्की तयार होईल अशी रास्त खात्री असल्यास आधी देता येते. सगळी गोम त्या "रास्त खात्री"त आहे.

रानजाई

वाचतेय. भाषा सोपी ठेवल्याबद्दल आभार. एक प्रश्न: चूक लक्षात आल्यावर कंट्रोलर काय करू शकतो? गो-अराउंड सांगितलं की सुटलं ना?

टेहळणी

सुटत नाही, ताई. वेळेवर सांगितलं तर सुटतं.

ब धावतंय आणि क एक मैलावर आहे असं समजा, म्हणजे २७ सेकंद. पर्याय दोन. ब ला थांबवायचं, किंवा क ला वर पाठवायचं.

ब अजून हललेलं नसेल तर "होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ". धावायला लागलं असेल तर "स्टॉप इमिजिएटली", तेही विमानाचं नाव घेऊन दोनदा. पण वेग १०० नॉटच्या पुढे गेला की थांबणंच धोक्याचं होत जातं, आणि व्ही-वन (ज्या वेगानंतर थांबणं सुरक्षित नसतं तो) ओलांडल्यावर पायलट थांबणार नाही. शिवाय थांबलेलं ब क च्या समोर धावपट्टीवर उभं राहतं. म्हणजे उशिरा थांबवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

क ला गो-अराउंड दिलं तर दोन्ही विमानं एकाच दिशेने चढायला लागतात. क आधीच १४० च्या आसपास वेगात, ब नुकतं उचललेलं. क वरून ब च्या पुढे सरकू शकतं, आणि क च्या पायलटला आपल्या नाकाखालचं ब दिसत नाही. म्हणून नुसतं "गो अराउंड" पुरत नाही. एकाला लगेच वळण द्यावं लागतं, ब ला ठरावीक उंचीवर रोखावं लागतं, आणि दोघांना एकमेकांची माहिती द्यावी लागते. हे सगळं दहा-बारा सेकंदांत, एकाच फ्रिक्वेन्सीवर.

त्यामुळे निर्णयाची खरी जागा एक मैलावर नसते. क ३-४ मैलांवर असताना "ब ला आता सोडू की नको" हा प्रश्न पडतो, तिथे असते. त्या क्षणी ब ला होल्डिंग पॉइंटवरच (धावपट्टीच्या अलीकडची थांबायची जागा) ठेवलं तर नुकसान काय? दोन मिनिटं आणि एका वैमानिकाचा वैताग.

शंकेखोर

आणि टीकॅस? ते तर दोन विमानं जवळ आली की आपोआप ओरडतं.

नॉटिकल नाना

जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली टीकॅस वर-खाली जाण्याचा आदेश देतच नाही. तिथे खाली जा म्हणणं म्हणजे जमिनीत जा म्हणणं. धाग्यात वर्णन केलेल्या प्रसंगात टीकॅस गप्पच राहणार.

वर मात्र ते उपयोगी आहे आणि तिथलं सूत्र एकच: टीकॅसचा आदेश आणि कंट्रोलरचा आदेश उलट असतील तर टीकॅस ऐकायचं. पायलटने "टीकॅस आरए" (टीकॅसचा आदेश आलाय) म्हटलं की कंट्रोलरने फक्त "रॉजर" म्हणायचं आणि "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" येईपर्यंत त्या विमानाला उंची किंवा दिशा बदलायला सांगायचं नाही.

हे सूत्र पक्कं व्हायला दोन प्रसंग लागले. ३१ जानेवारी २००१, जपानमध्ये याइझूजवळ. प्रशिक्षणार्थी कंट्रोलरला खाली उतरवायचं होतं फ्लाइट ९५८, तोंडून आलं ९०७. ९०७ चं टीकॅस "वर जा" म्हणत होतं, पायलटने कंट्रोलरचं ऐकून विमान खाली घेतलं. ९५८ चं टीकॅस त्यालाही खाली नेत होतं. शेवटच्या क्षणी नजरेने चुकवलं, टक्कर टळली, पण त्या झटक्यात ९०७ मधले सुमारे शंभर प्रवासी आणि कर्मचारी जखमी झाले.

१ जुलै २००२, उबरलिंगेन, जर्मनीची दक्षिण सीमा. टुपोलेव्ह-१५४ आणि डीएचएलचं बोइंग ७५७, दोन्ही ३६,००० फुटांवर. झुरिकच्या केंद्रात रात्री एकच कंट्रोलर दोन टेबलं सांभाळत होता. देखभालीसाठी मुख्य फोन बंद, पडद्यावरचा टक्कर-इशाराही नाही. शेजारच्या कार्लस्रुह केंद्राला धोका दिसत होता, पण फोन लागेना. कंट्रोलरने टुपोलेव्हला खाली यायला सांगितलं, त्याचं टीकॅस वर जा म्हणत होतं. पायलट खाली आला. डीएचएल आपल्या टीकॅसप्रमाणे खालीच येत होतं. ७१ जण गेले.

कुंपणावर

आपल्याकडची चरखी दादरीची हवेतली टक्कर विसरलात. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत्यू. कंट्रोलरच्या चुकीचा सगळ्यात मोठा बळी तोच.

नॉटिकल नाना

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायला हवा. कंट्रोलरने दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक इल्युशिन-७६ ला १५,००० फूट आणि दिल्लीहून चढणाऱ्या सौदी बोइंग ७४७ ला १४,००० फूट दिले होते. हजार फुटांचं अंतर नियमाप्रमाणे होतं. समोरून विमान येतंय, किती मैलांवर आहे, हेही कझाक विमानाला सांगितलं होतं. कझाक विमान दिलेल्या उंचीखाली उतरलं. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने दोष त्याच विमानाच्या चालकांवर ठेवला.

व्यवस्थेचा भाग वेगळा आहे. तेव्हा दिल्लीत कंट्रोलरच्या पडद्यावर उंची दिसतच नव्हती, फक्त प्राथमिक रडारचा ठिपका. बरीचशी हवाई हद्द सैन्याकडे असल्याने येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने. उंची पायलट जी सांगेल ती. नंतर उंचीही दाखवणारं दुय्यम रडार आलं, वाटा वेगळ्या झाल्या आणि भारतात टीकॅस सक्तीचं झालं.

कुंपणावर

मान्य. आयोगाचं माहीत नव्हतं.

काळी पाटी

टॉवरकडे परत येऊ. धावपट्टीवरच्या चुकांचा मोठा भाग "विसरणं" या एका शब्दात बसतो, आणि तो निष्काळजीपणा असेलच असं नाही.

लॉस एंजलिस, १ फेब्रुवारी १९९१. संध्याकाळचा अंधार. कंट्रोलरने स्कायवेस्टचं छोटं मेट्रोलायनर धावपट्टी २४ डाव्यावर, मधल्या चौकातून लाइन-अप करून उभं केलं. मग दुसऱ्याच एका विमानाच्या न सापडणाऱ्या स्ट्रिपच्या (विमानाची माहिती असलेली पट्टी) भानगडीत लक्ष गेलं. टॅक्सीवेवर तशाच जातीचं एक विमान दिसलं, तेच स्कायवेस्ट असं मनाने धरलं, आणि यूएसएअरचं बोइंग ७३७ उभ्या विमानावर उतरलं.

दिल्ली, २३ ऑगस्ट २०२३. अहमदाबादहून उतरलेल्या विस्ताराच्या विमानाला शेजारची धावपट्टी ओलांडायची परवानगी, आणि त्याच धावपट्टीवर बागडोगऱ्याला निघालेल्या विस्ताराला टेक-ऑफची. ओलांडणाऱ्या विमानाच्या पायलटला समोरचं विमान दिसलं, तिने टॉवरला सांगितलं, टेक-ऑफ रद्द झालं.

उपाय अगदी साधे दिसतात, पण तेच कामाचे. प्रत्येक विमानाची एक स्ट्रिप असते, कागदाची वा पडद्यावरची. बोर्डावर धावपट्टीसाठी एक ठरलेली जागा असते. धावपट्टीवर काहीही असेल, विमान, पक्षी हाकलणारी जीप, तपासणीची गाडी, तर तिथे लाल पट्टी किंवा त्या विमानाची स्ट्रिप हवीच. परवानगी बोलायच्या आधी हात त्या जागेकडे जायला हवा आणि डोळे काचेबाहेर, थ्रेशोल्डपासून टोकापर्यंत. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बोललं आणि मग पट्टी हलवली, की मधल्या फोनने घात होतो.

लाइन-अप करून उभं केलेलं विमान हे सगळ्यात विसरण्याजोगं. ते बोलत नाही, हलत नाही, रात्री त्याचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळतात. पायलटसाठी टिप: उभं राहून मिनिट-दीड मिनिट झालं आणि काही ऐकू आलं नाही तर विचारा. फ्रिक्वेन्सीवर त्याच धावपट्टीची लँडिंग परवानगी ऐकलीत तर ताबडतोब विचारा.

रानजाई

काळी पाटी, +१. ड्युटी बदलताना पण असंच होत असेल ना?

काळी पाटी

हो. टेबल ताब्यात घेतल्यावरची पहिली काही मिनिटं नाजूक. चित्र आधीच्याच्या डोक्यात असतं, नव्याकडे फक्त यादी येते. म्हणून यादी ठरलेल्या क्रमाने वाचायची: धावपट्टी, वारा-दाब, बंद उपकरणं, धावपट्टीवर काय आहे, दिलेल्या पण पूर्ण न झालेल्या परवानग्या. आधीच्या माणसाने काही मिनिटं मागे उभं राहायचं.

समन्वयाच्या चुकीचं आपल्याकडचं उदाहरण बंगळुरू, जानेवारी २०२२. दोन समांतर धावपट्ट्या. उत्तरेकडून उड्डाणं, दक्षिणेकडे लँडिंग असं चाललं होतं. पाळीच्या प्रमुखाने एकच, उत्तरेची वापरायचं ठरवलं, पण दक्षिण टॉवरच्या कंट्रोलरला ते कळलं नाही. दक्षिणेने कोलकात्याचं इंडिगो सोडलं, उत्तरेने भुवनेश्वरचं. दोन्ही जवळपास एकाच वेळी हवेत, आणि दिशा एकमेकींकडे. अ‍ॅप्रोचच्या रडार कंट्रोलरने दोघांना वेगळ्या दिशा देऊन सोडवलं. प्रत्येकाने आपापल्या माहितीप्रमाणे बरोबरच परवानगी दिली होती, हे यातलं बघण्यासारखं.

शून्य दृश्यता

आता जमिनीवरचं रडार आहे, संगणकाचा इशारा आहे, म्हणणाऱ्यांनी हानेदा बघावं. २ जानेवारी २०२४. तटरक्षक दलाच्या डॅश-८ ला "नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-५ पर्यंत टॅक्सी" सांगितलं होतं. ते थेट धावपट्टी ३४ उजव्यावर जाऊन सुमारे ४० सेकंद उभं राहिलं आणि जपान एअरलाइन्सचं ए३५० त्यावर उतरलं. ए३५० मधले ३७९ जण बाहेर पडले, डॅश-८ मधल्या सहांपैकी पाच गेले. टॉवरमधल्या पडद्यावर धावपट्टी व्यापली आहे असा इशारा उमटला होता. तो फक्त दिसणारा होता, वाजणारा नाही. कंट्रोलरचं लक्ष त्यावर गेलं नाही. सी-५ चे लाल स्टॉप-बार दिवे दुरुस्तीसाठी बंद होते. नंतर पडदा सतत पाहायला वेगळा माणूस नेमला आणि "नंबर वन" सारखा क्रम सांगणं सुरुवातीला थांबवलं.

शब्दांबद्दल आणखी एक. "टेक-ऑफ" हा शब्द कंट्रोलर फक्त खरी परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतो, एरवी "डिपार्चर". १९७७ च्या तेनेरीफमधल्या धावपट्टीवरच्या टकरीची (५८३ मृत्यू) ही देणगी. आणि १९८९ मध्ये क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ ला २४०० फुटांवर उतरायला सांगताना "टू फोर झीरो झीरो" म्हटलं गेलं. पायलटने "टू" म्हणजे "पर्यंत" ऐकलं, ४०० फूट समजलं, डोंगरावर गेलं. रीडबॅकमध्ये, म्हणजे पायलटने सूचना परत म्हणून दाखवताना, ते चुकीचं परतही आलं होतं. म्हणजे रीडबॅक घेणं पुरत नाही, ऐकावंही लागतं. गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर कंट्रोलरचा मेंदू पुढच्या विमानाकडे गेलेला असतो आणि कानाला अपेक्षित तेच ऐकू येतं.

शंकेखोर

मग मूळ प्रश्नावर येतो. मुंबईत इंडिगोच्या पायलटला समोरचं विमान दिसलं नसेल का? त्याने का टेकवलं?

उत्तरवारा

त्या विशिष्ट प्रसंगाचं मत इथे बसून देणार नाही. इंडिगोने लँडिंगची परवानगी होती असं सांगितलं, तेवढं जाहीर आहे. सर्वसाधारण उत्तर देतो.

समोर, आपल्याच रेषेत पळणारं विमान दिसतं, पण ते किती वेगात आहे ते कळत नाही. मागून बघताना आकार हळूहळू लहान होतो, बाजूला सरकत नाही. १०० नॉटवरचं आणि ४० नॉटवरचं विमान एक मैलावरून सारखंच दिसतं. त्यात आपण जवळ जात असतो, त्यामुळे लहान होणंही झाकलं जातं. नाक उचललेलं दिसलं की "गेलं" असं वाटतं. ३०० फुटांखाली पायलटची नजर टेकायच्या जागेवर आणि वेगावर असते.

परवानगी म्हणजे हुकूम नाही हे खरंच. समोरचं विमान धावपट्टीवर आहे असं वाटलं तर पायलट विचारल्याशिवाय गो-अराउंड करू शकतो, आणि करावा. पण वर टेहळणींनी सांगितलेली अडचण त्यालाही ठाऊक असते: पुढचं उचलतंय, मी वर गेलो तर त्याच्या डोक्यावर जाणार. त्या उंचीवर दोन्ही पर्यायांत धोका आहे. म्हणून हा प्रश्न ३ मैलांवरच सुटायला हवा होता, आणि तिथे निर्णय टॉवरचा असतो.

मोजपट्टी

एक पुरवणी. बऱ्याच जागी ब ला "इमिजिएट टेक-ऑफ" देतात, म्हणजे टॅक्सीवेवरून न थांबता वळून लगेच धावायचं. वरच्या हिशेबात त्याने ८-१० सेकंद वाचतात. पण पायलट तयार आहे का हे आधी विचारायला हवं, "इमिजिएट जमेल का?" असं, तेही ब होल्डिंग पॉइंटवर असताना. केबिन तयार नाही, चेकलिस्ट उरली आहे, अशा विमानाला इमिजिएट दिलं की ते धावपट्टीवर जाऊन थांबतं, आणि मग वाचवलेल्या दहाऐवजी वीस जातात.